होल्डनला मोठं कोणी केलं, कारागिरांनी की आयातीवरच्या निर्बंधांनी?

मेलबर्नकर
मंडळी, परवा एका ग्रुपवर वाचलं की ऑस्ट्रेलियातली होल्डन ही मोटारींची कंपनी "सरकारनं आयातीची दारं लावली म्हणून वाढली आणि दारं उघडल्यावर मेली". मला हे मुळीच पटलेलं नाही, म्हणून इथे धागा काढतोय.
जेम्स अलेक्झांडर होल्डन यानं १८५६ ला अ‍ॅडलेडमध्ये खोगिरं, लगाम, पट्टे यांचं दुकान टाकलं. म्हणजे आपल्याकडच्या जीनगरांचा धंदा! १८८५ ला फ्रॉस्ट भागीदार झाला, बग्ग्या आल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैन्यासाठी खोगिरं पुरवली, आणि १९०८ पासून मोटारींच्या गाद्या आणि आतलं चामडं दुरुस्त करायला घेतलं. तेव्हा कुठला निर्बंध होता? घोडा जाणार हे दिसलं आणि हातातली सुई तीच ठेवून गिऱ्हाईक बदललं. मला तरी ही अक्कल आणि हाताचं कसब वाटतं, सरकारी कृपा नाही.

घाटावरचा
कसब होतं हे मान्य, पण गाद्या शिवणं वेगळं आणि वर्षाला हजारो बॉड्या काढणं वेगळं. होल्डन पूर्ण बॉड्या मोठ्या प्रमाणावर करायला लागली कधी? १९१७ नंतर. का? तर पहिलं महायुद्ध चालू, जहाजात जागा नाही. मोटारीची बॉडी म्हणजे सगळी आतून पोकळ हवा, जहाजात जागा खाते आणि भाडं जागेवर लागतं. म्हणून सरकारनं बॉड्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि चासी येऊ दिल्या. चासी म्हणजे खालची चौकट, इंजिन, चाकं, रेडिएटर, स्टिअरिंग, बास. वरचं सगळं इथेच बांधा. गिऱ्हाईक आयतं दारात आलं, हो की नाही? युद्ध संपल्यावरही बॉडीवर तगडी जकात होतीच. १९२३ ला वर्षाला १२,००० बॉड्या, हे आकडे त्या जकातीच्या भिंतीआडचे आहेत.

पत्राठोक
मध्येच बोलतो. माझ्या मामाचं कोल्हापूरला ट्रकच्या बॉड्या बांधायचं काम होतं, लहानपणी सुट्टीत मी तिथंच पडलेला असायचो. नुसती चासी यायची, पुढं ड्रायव्हरला बसायला एक लाकडी खोकं ठोकलेलं, त्यावर बसून माणूस कारखान्यापासून उन्हातान्हात चालवत आणायचा. मामा आधी चासीला सुतळी लावून मापं घ्यायचा, मग फळीवर बोटाची पेरं वाजवून आवाज ऐकायचा, बद्द आवाज आला की ती फळी बाजूला. होल्डनच्या काळात पण हेच, आत लाकडाचा सांगाडा आणि वरून पत्रा. हे काम कायदा काढून एका रात्रीत सुरू होत नाही हो. निर्बंध आला त्या दिवशी सांगाडा जोडणारे हात गावात नसते तर चासी बंदरातच गंजल्या असत्या.

घाटावरचा
पत्राठोक, तुमच्या मामांबद्दल आदर आहेच, पण हात होते म्हणून धंदा टिकतो असं नाही. अ‍ॅडलेडमध्येच डंकन अँड फ्रेझर होते. घोड्याच्या ट्राम आणि बग्ग्या बांधणारे नावाजलेले लोक, पुढे फोर्डची एजन्सी घेतली, चासी मागवायच्या आणि बॉडी आपली चढवायची. कारागिरीत कुठे कमी? पण १९२५ ला फोर्ड स्वतःच मेलबर्नजवळ जिलाँगला कारखाना काढून बसली आणि यांचं दुकान आटोपलं. होल्डनलाही १९२४ ला अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं ऑस्ट्रेलियातला बॉड्यांचा एकमेव पुरवठादार केलं म्हणून अ‍ॅडलेडमधल्या वुडव्हिलचा मोठा कारखाना झाला. मंदीत मागणी कोसळली तर १९३१ ला जनरल मोटर्सनं सरळ घेऊनच टाकलं. इंजिन ज्याचं, धंदा त्याचा. बॉडीवाला कायम दुसऱ्याच्या चासीवर बसलेला.

मेलबर्नकर
अहो पण डंकन अँड फ्रेझरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! निर्बंध दोघांनाही सारखाच, जकात सारखीच, मग एक बुडाला आणि एक वाढला तो कशामुळे? होल्डननं एकाच कंपनीच्या गाड्यांची बॉडी धरून न बसता अनेकांसाठी बांधल्या, फोर्डचा कारखाना उभा राहीपर्यंत फोर्डसाठीसुद्धा, मेलबर्नच्या ट्रामच्या बॉड्यासुद्धा. आणि जनरल मोटर्स आपणहून त्यांच्या दारात आली ती कशाला, भरपूर माल वेळेत देणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणूनच ना.

निशिगंधा_पुणे
घाटावरचा दादांच्या बाजूनं एक मुद्दा. आपल्याकडे जनरल मोटर्सनं १९२८ ला मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. पण १९५३ ला सरकारनं सांगितलं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळा, जे गाडीचे भाग इथे बनवतील तेच राहतील, आणि जनरल मोटर्स गेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेली प्रीमियर कुर्ल्याला राहिली. म्हणजे धोरणानंच ठरवलं कोण राहणार ते. पण त्याच धोरणामुळे आमच्या बाबांनी प्रीमियरच्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, हेही विसरता येत नाही. भिंत बांधली की आतल्या माणसाला घाई उरत नाही.

पत्राठोक
निशिगंधाताई, फियाटची रांग खरी आहे. पण आपल्या एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं चासी विकत घेऊन बॉडी स्वतः बांधली, ती लाल गाडी घाटात चढायची ती त्या हातांवरच. त्यांना कुठली जकात सांभाळत होती?

घाटावरचा
एसटीला गिऱ्हाईक शोधायला लागत नव्हतं, स्वतःचीच गाडी. तुलना बरोबर नाही. आणि होल्डनचा शेवट बघा की. १९४८ ला पंतप्रधान चिफलींच्या हातून पहिली होल्डन गाडी बाहेर पडली, सगळा देश खूश. पुढे जकाती उतरत गेल्या आणि २० ऑक्टोबर २०१७ ला अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ गावचा होल्डनचा कारखाना बंद. २०२० ला नावच बंद करायचं जाहीर केलं. आधार काढल्यावर उभं राहता आलं नाही, याला मी दुसरं काय म्हणू?

मेलबर्नकर
दादा, फोर्डनं २०१६ ला आणि टोयोटानं २०१७ ला इथं गाड्या बनवणं बंद केलं, टोयोटाला काय गाड्या बनवता येत नाहीत का? छोटं मार्केट, महाग डॉलर, सगळंच आलं त्यात.
आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर एलिझाबेथला गाद्यांच्या खात्यात होते. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या सायकलची फाटलेली सीट त्यांनी अंगणात बसून शिवून दिली. वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, दोन्ही बाजूंनी ओढून घातलेला टाका. मी विचारलं हा टाका कुठे शिकलात, तर म्हणाले खात्यातल्या म्हाताऱ्यांकडून, आणि त्या म्हाताऱ्यांना खोगीर शिवणाऱ्यांनी शिकवलेला.