मदत हवी आहे: 'स्वाभिमान'चे सगळे भाग कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. १९९५ साली दूरदर्शनवर दुपारी सुरू झालेली महेश भट्ट यांची हिंदी 'स्वाभिमान' कुणाला आठवते का? आमच्याकडे सोलापुरात आई आणि शेजारच्या काकू विड्या वळत वळत बघायच्या. हात सुपात, डोळे टीव्हीवर! उद्योगपती केशव मल्होत्रा गेल्यावर त्याची प्रेयसी स्वेतलाना (किटू गिडवाणी) आणि घरचे यांची इस्टेटीवरून जुंपते, तिथं काकू चक्क स्वेतलानाच्या बाजूनं भांडायच्या.

आता आईला ती पुन्हा बघायचीय. मला सुटे तुकडेच सापडले, तेही मागचेपुढचे. ओळीनं सगळे भाग कुठे आहेत का? मोबाईल तिला जमत नाही, टीव्हीवर लावता आले तर फार बरं होईल.