मदत हवी आहे: ऑर्डर टाकतानाचे शब्द – लिमिट, ट्रिगर, एसएल, टी१, सर्किट

पहिली_पायरी

नमस्कार. डीमॅट आणि ट्रेडिंग खातं नुकतंच चालू झालंय. कंपनी कशी निवडायची हा विषय सध्या बाजूला ठेवतो, आधी ऑर्डरच्या पडद्यावरचे शब्द नीट कळायला हवेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

१. एलटीपी २१२.४० दिसत असताना २०० शेअरची मार्केट ऑर्डर सरासरी २१३.०२ ला कशी काय भरली जाते?
२. एसएल आणि एसएल-एममध्ये फरक काय? ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव कशाला मागतात?
३. सीएनसी, एमआयएस, टी१ म्हणजे काय?
४. लोअर सर्किट लागलं की विकताच येत नाही का?
५. पीई आणि दर्शनी किंमत, थोडक्यात.

व्यवहार फक्त डिलिव्हरीचे करायचे आहेत.

सौदापत्रक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मार्केट डेप्थमध्ये आहे. एलटीपी म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव. तो सौदा होऊन गेला. त्याच भावाने तुम्हाला शेअर द्यायला कोणी थांबलेलं असेलच असं नाही. डेप्थमध्ये एका बाजूला घेणाऱ्यांचे भाव असतात, त्यांना बिड म्हणतात. दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे, ते आस्क. समजा आस्कची बाजू अशी आहे:

२१२.६० ला ४० शेअर
२१२.९० ला १०० शेअर
२१३.५० ला ३०० शेअर

२०० ची मार्केट ऑर्डर आधी ४० उचलते, मग १००, आणि उरलेले ६० तिला २१३.५० ला घ्यावे लागतात. एकूण ४२,६०४ रुपये, म्हणजे सरासरी २१३.०२. यात कोणी फसवलेलं नाही. मार्केट ऑर्डरचा अर्थच मुळी 'मिळेल त्या भावाने, पण आत्ता द्या' असा आहे.

तिथेच २१३ ची लिमिट लावली असती तर १४० शेअर २१२.६० आणि २१२.९० या स्वस्त भावांनी लगेच मिळाले असते आणि ६० शेअरची ऑर्डर २१३ ला रांगेत उभी राहिली असती. लिमिट म्हणजे 'याहून महाग नको'. स्वस्त मिळालं तर मिळतंच. दिवसअखेर न भरलेला भाग आपोआप रद्द होतो.

नवख्याने लिमिटच वापरावी, हे माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपनीत बिड आणि आस्कमध्ये पाच-दहा पैशांचं अंतर असतं, तिथे फारसं बिघडत नाही. पण ज्या शेअरमध्ये दिवसभरात मोजकेच सौदे होतात, तिथे मार्केट ऑर्डर दोन-तीन टक्के सहज खाऊन जाते. रात्री टाकून ठेवलेली मार्केट ऑर्डर तर सकाळी बाजार उघडताना जो भाव निघेल त्याला भरते, ती टाळाच.

मंदीतला_माणूस

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एसएल म्हणजे स्टॉप लॉस: भाव ठरावीक पातळीखाली गेला की शेअर विकून नुकसान थांबवणारी ऑर्डर. तोवर ती झोपलेली असते. ट्रिगर तिला जागं करतो. जागी झाल्यावर ती कोणत्या भावाने विकायला जाणार हे लिमिट ठरवते. एसएलमध्ये दोन्ही भाव द्यायचे असतात, एसएल-एममध्ये फक्त ट्रिगर. जाग आली की ती थेट मार्केट ऑर्डर होते.

उदाहरण घ्या. खरेदी २१३ ला, ट्रिगर २००, लिमिट १९९.५०. वाईट बातमी आली आणि भाव २०१ वरून थेट १९६ वर आला. ट्रिगर लागला, ऑर्डर जागी झाली, पण ती १९९.५० च्या खाली विकणार नाही आणि त्या भावाला घेणारा कोणीच नाही. ऑर्डर पडद्यावर 'पेंडिंग' दिसते आणि शेअर १८८ ला जातो. स्टॉप लॉस लावलेला असूनही माल तुमच्याकडेच राहिला. एसएल-एम असती तर १९६ च्या आसपास सुटका झाली असती.

म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांच्यात पन्नास पैशांचं अंतर ठेवू नका. भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये निदान १ टक्का, म्हणजे इथे १९८. कमी उलाढालीचा असेल तर २ ते ३ टक्के. अंतर जास्त ठेवलं म्हणून विनाकारण कमी भाव मिळत नाही, त्या क्षणी डेप्थमध्ये जो उत्तम बिड असेल त्यालाच विक्री होते.

विक्रीच्या एसएलमध्ये लिमिट ट्रिगरइतकी किंवा त्याखाली असावी लागते. उलटं भरलंत तर ऑर्डर नाकारली जाते.

पहिली_पायरी

खूप छान समजलं. मग सरळ एसएल-एमच का लावू नये? आणि स्टॉप लॉस रोज नव्याने लावावा लागतो का?

मंदीतला_माणूस

एसएल-एमला तळ नसतो. पातळ डेप्थच्या शेअरमध्ये एखाद्या मोठ्या विक्रीने भाव क्षणभर १९९ ला टेकतो, तुमची ऑर्डर जागी होते, खाली बिड थेट १९१ ला असतो आणि तिथे विकली जाते. दोन मिनिटांनी भाव परत २०३. मोठ्या शेअरमध्ये एसएल-एम चालेल, लहान शेअरमध्ये रुंद अंतराची एसएलच बरी.

एक्सचेंजवरची स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असते. दीर्घ मुदतीसाठी जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत टिकणारी ऑर्डर) वापरतात. ती ब्रोकरकडे नोंदलेली असते आणि ट्रिगर लागला की ब्रोकर एक्सचेंजवर ऑर्डर पाठवतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, रात्रीतून भाव घसरून बाजार लिमिटच्या खालीच उघडला तर जीटीटीही पेंडिंग राहते. दुसरी गोष्ट हमखास राहून जाते: डीमॅट सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असेल आणि डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायचा ब्रोकरला दिलेला लेखी अधिकार) दिलेलं नसेल तर विक्रीआधी टीपिन (सीडीएसएलचा गुप्त क्रमांक) आणि ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. ती नसेल तर ऐन घसरणीत जीटीटीची विक्री नाकारली जाऊ शकते. जीटीटी लावायची असेल तर आधी डीडीपीआयचं काम उरकून घ्या.

वळण_सेटलमेंट

तिसरा प्रश्न. सीएनसी म्हणजे डिलिव्हरी, शेअर डीमॅटमध्ये ठेवायला घेणं. एमआयएस म्हणजे इंट्राडे, त्याच दिवशी घेऊन विकणं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये मागच्या वेळचा पर्याय तसाच निवडलेला राहतो, त्यामुळे दर ऑर्डरला हे खूण केलेलं घर बघा. चुकून एमआयएसमध्ये घेतलेला शेअर ब्रोकर साडेतीनच्या आधी स्वतःहून विकून टाकतो.

टी म्हणजे सौद्याचा दिवस. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचं सेटलमेंट टी+१ झालंय: सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी डीमॅटमध्ये. मधल्या काळात होल्डिंगमध्ये त्याच्यापुढे टी१ दिसतं. टी१ असताना विकता येतो, पण तुम्हाला ज्याने विकला त्याने शेअर दिलाच नाही तर तुमच्याकडूनही पुढे देणं अडतं. मग एक्सचेंज लिलाव करतं आणि लिलावातला फरक तुमच्या माथी येऊ शकतो. मोठ्या कंपन्यांत हे क्वचित घडतं. सर्किटला चिकटलेल्या शेअरमध्ये धोका खरा.

चौथा प्रश्न त्याला जोडूनच. बहुतेक शेअरचा भाव दिवसभरात कालच्या बंद भावापासून किती वर-खाली जाऊ शकतो याला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा (बँड) असते. खालची मर्यादा गाठली की लोअर सर्किट. ज्यांत वायदे चालतात त्यांना अशी कायमची मर्यादा नसते. लोअर सर्किटला विक्रीला बंदी नाही, घेणाराच नसतो. रांगेत भाव सारखा असल्यामुळे आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. ५ टक्क्यांच्या शेअरला ओळीने तीन सर्किट लागली तर १०० चा भाव ९५, ९०.२५ आणि मग ८५.७५ च्या आसपास येतो. या तिन्ही दिवसांत स्टॉप लॉस निरुपयोगी. शेअर घेण्याआधी त्याचा बँड आणि रोजची उलाढाल बघायची ती यासाठीच.

ताळेबंद

पाचवा. पीई म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा. भाव २१३, नफा १०.६५, पीई २०. पण त्या नफ्यात जमीन विकून आलेले ४ रुपये असतील तर धंद्याचा नफा ६.६५ आणि खरा पीई ३२. 'अपवादात्मक बाबी' ही ओळ वाचल्याशिवाय पीई स्वस्त म्हणू नका, आणि तुलना एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांशी करा.

दर्शनी किंमत म्हणजे कंपनीने शेअरला दिलेली मूळ नाममात्र किंमत, ती बाजारभावाशी संबंधित नाही. लाभांशाची टक्केवारी मात्र तिच्यावर असते. दर्शनी किंमत २ रुपये असताना '२०० टक्के लाभांश' म्हणजे शेअरमागे ४ रुपये. २१३ च्या भावावर जेमतेम १.९ टक्के.

पहिली_पायरी

सर्वांचे मनापासून आभार. शेवटची शंका: ब्रोकरेज शून्य असेल तर डिलिव्हरीत खर्च काहीच नाही ना?

सौदापत्रक

आहे. एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) खरेदीवर ०.१ टक्के आणि विक्रीवरही ०.१ टक्के. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के. वरच्या ४२,६०४ च्या खरेदीवर एसटीटी सुमारे ४३ रुपये, मुद्रांक सुमारे ६. शिवाय एक्सचेंजचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. विकताना डीपी शुल्क (डीमॅटमधून शेअर काढण्याचं शुल्क) लागतं. ते शेअरच्या संख्येवर नसून त्या दिवशी विकलेल्या प्रत्येक कंपनीमागे असतं, त्यामुळे पाच-पाच शेअर रोज विकणं महागात पडतं. सौद्यानंतर कॉन्ट्रॅक्ट नोट ईमेलवर येते. तिच्यात हा प्रत्येक आकडा वेगळा छापलेला असतो, पहिल्या खरेदीची नोट घेऊन एकदा कॅल्क्युलेटरवर ताळा करून बघा. कुठलाही आकडा जुळला नाही तर नोटेतली ती ओळ इथे टाका.