कार्ल्सरूअर एफ.व्ही.: राष्ट्रीय विजेता क्लब स्थानिक साखळीत कसा आला?

वाशीकर संपादक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. वाशीतील आमच्या हौशी फुटबॉल मंडळाच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आहे. मंडळाच्या इतिहासाबरोबर बाहेरच्या एखाद्या छोट्या क्लबवर सविस्तर लेख द्यावा असे ठरले असून, त्यासाठी मी जर्मनीतील कार्ल्सरूअर एफ.व्ही. हा क्लब निवडला आहे. 1910 मध्ये जर्मनीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा हा क्लब आज स्थानिक हौशी साखळीत खेळतो. ही घसरण केवळ पैशाअभावी झाली का? शिवाय 1933 नंतरचा, म्हणजे नाझी राजवटीचा काळ अशा लेखांत बहुधा दोन-चार ओळींतच उरकलेला दिसतो; तो किती विस्ताराने द्यावा? लेखासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.

नौपाडा, ठाणे

आपली निवड फार चांगली आहे. पैशाचे कारण खरे असले तरी ते कथेच्या अगदी शेवटी येते.

क्लबची स्थापना 1891 ची. संस्थापक वाल्टर बेन्झेमान तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचा होता. बर्लिनच्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा स्वित्झर्लंडमधील शाळेत फुटबॉल शिकला आणि कार्ल्सरूहेला शिक्षणासाठी आला तेव्हा खेळ सोबत घेऊनच आला. जर्मन शाळांत त्या काळी शिस्तबद्ध कवायतीलाच खरा व्यायाम मानत आणि चेंडूला लाथा मारणे हे इंग्रजांचे खूळ समजले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलांच्या धडपडीचे मोल कळते. पुढे विल्यम टाउनली हे इंग्रज प्रशिक्षक लाभले. इंग्लंडच्या एफ.ए. कप स्पर्धेच्या 1890 च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न रोव्हर्ससाठी तीन गोल करणारे ते हेच. 15 मे 1910 रोजी कोलोन येथे होल्स्टाइन कील संघाला अतिरिक्त वेळेत 1–0 असे हरवून त्यांच्या संघाने विजेतेपद मिळवले. निर्णायक गोल माक्स ब्रॉइनिगने पेनल्टीवर केला.

मात्र या विजेत्या संघातील खेळाडू हौशीच होते, कारण जर्मनीत तेव्हा व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. म्हणून मला असे वाटते की क्लब होता तसाच राहिला आणि भोवतालचा खेळ बदलला. शेजारच्या फीनिक्स कार्ल्सरूहे या क्लबने 1909 चे विजेतेपद मिळवले होते, म्हणजे एकाच शहरात लागोपाठ दोन विजेते झाले. 1952 मध्ये फीनिक्सचे व्हीएफबी म्युलबुर्गशी विलीनीकरण होऊन कार्ल्सरूअर एस.सी. उभा राहिला, तो 1963 मध्ये बुंडेसलिगा या देशाच्या सर्वोच्च साखळीच्या पहिल्या सोळा संघांत गेला आणि शहरातले प्रेक्षक, पुरस्कर्ते व होतकरू मुले साहजिकच तिकडे वळली. जुन्या क्लबचा खेळ 2004 मध्ये दिवाळखोरीमुळे थांबला आणि 2007 मध्ये सर्वांत खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू झाला. नव्याने उभे राहण्याचा हा भाग आपल्या मंडळातील सभासदांना विशेष जवळचा वाटेल.

ऐरोलीचा वाचक

नौपाड्याच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु चारपैकी किमान दीड पान 1933 नंतरच्या काळाला द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

1910 च्या आघाडीच्या फळीत गॉटफ्रीड फुक्स आणि यूलियुस हिर्श हे दोन ज्यू खेळाडू होते. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये रशियाविरुद्धच्या 16–0 अशा विजयात एकट्या फुक्सने दहा गोल केले. आंतरराष्ट्रीय सामन्यातील हा विक्रम 2001 पर्यंत कोणीही मोडू शकले नाही. एप्रिल 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतील चौदा क्लबांनी ज्यूंना क्लबांतून दूर करण्यास पाठिंबा देणारे निवेदन काढले आणि त्यात कार्ल्सरूअर एफ.व्ही.चेही नाव होते. हे निवेदन ज्या ‘किकर’ साप्ताहिकात छापून आले, ते 1920 मध्ये बेन्झेमाननेच सुरू केले होते. तोवर त्याला स्वतःला देश सोडावा लागला होता.

ही बातमी वाचताच हिर्शने क्लबला पत्र लिहून 1902 पासूनचे सभासदत्व जड अंतःकरणाने सोडले. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठी लढला होता आणि त्याचा एक भाऊ त्या युद्धात मारला गेला होता. 1 मार्च 1943 रोजी त्याला कार्ल्सरूहेच्या रेल्वे स्थानकातून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. वाटेत डॉर्टमुंडहून त्याने मुलीच्या वाढदिवसासाठी धाडलेले पोस्टकार्ड घरच्यांना मिळाले. त्यात त्याने आपले बरे चालले आहे असे कळवले होते. ती त्याची शेवटची खबर. फुक्स कॅनडात पोहोचला म्हणून वाचला.

स्मरणिका काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. 1939 मध्ये ‘किकर’ने राष्ट्रीय संघातील सर्व खेळाडूंच्या छायाचित्रांचा संग्रह काढला, त्यातून या दोघांनाच वगळले. त्यामुळे आपल्या लेखात ही दोन नावे पूर्ण आणि ठळकपणे यावीत.

खारघर

माझे मत थोडे वेगळे आहे. छोटा क्लबच हवा असेल, तर बर्लिनच्या बी.एफ.सी. गेर्मानिया 1888 चा विचार करावा. टेम्पेलहोफ भागात शाळकरी मुलांनी स्थापन केलेला हा क्लब आजही चालू असलेल्या जर्मन फुटबॉल क्लबांत सर्वांत जुना मानला जातो आणि तोही खालच्या साखळीतच खेळतो. अर्थात ऐरोलीकरांनी सांगितलेला इतिहास वाचल्यावर पहिली निवड बदलावी, असा आग्रह मी धरणार नाही. गेर्मानियाची एक छोटी चौकट दिली तरी पुरे.

वाशीकर संपादक

सर्वांचे मनापासून आभार. निवड कायम ठेवतो आणि खारघरकरांची चौकटही घेतो. दुसरे पान पूर्णपणे हिर्श आणि फुक्स यांना, तिसऱ्याचा अर्धा भाग बेन्झेमानला देतो, 1910 च्या अंतिम सामन्याचे वर्णन थोडक्यात आटोपतो. संघाचे छायाचित्र छापण्याची परवानगी मिळाल्यास खाली अकराही खेळाडूंची नावे देईन. मजकूर छपाईला जाण्याआधी येथे ठेवतो. नौपाडा आणि ऐरोलीच्या मंडळींनी तारखा व जर्मन नावांचे लेखन एकदा नजरेखालून घालावे.