मदत हवी आहे : सोलापूरच्या हद्दीबाहेर गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या घरांचा सरकारी आकडा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला, महापालिकेची हद्द संपते तिथून थोडं पुढे राहतो. आईने बिड्या वळून साठवलेल्या पैशांतून २०१४ साली दोन गुंठे घेतले. तेव्हा शेतात नुसत्या फक्कीच्या रेषा मारलेल्या आणि कोपऱ्यांवर पिवळे रंगवलेले दगड होते. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, मंजूर लेआउट नाही. एकाच गटात अकरा जणांचं सामाईक खरेदीखत झालं, सातबारावर अकराही नावं एकाखाली एक. आमच्यानंतर आलेल्यांची तुकडेबंदीमुळे (म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी) तीही सोय राहिली नाही, त्यांच्याकडे फक्त नोटरी आहे.

गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीसाठी निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, घरं किती? आम्ही म्हणालो, सव्वाशे तरी असतील. ते म्हणाले, कागद दाखवा. कागद कुठला दाखवणार? मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला : २००१ पासून या भागात किती जमिनींचे तुकडे पडले आणि त्यावर किती घरं झाली. उत्तर आलं एका ओळीचं, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’

जवळच कुंभारीला रायनगर ही कामगारांची घरकुल योजना आहे. तिथली ३० हजार घरं, त्यातली १५ हजार १९ जानेवारी २०२४ ला कामगारांना दिली, हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. चांगलंच आहे, माझी मावशी तिथेच राहते. पण सरकार घरं मोजतं ती योजनेतली, नाहीतर बांधकाम परवानगी घेतलेली. आमच्यासारखी घरं दोन्हीकडे नाहीत. जनगणनेत मंजुरी न बघता घर मोजतात, पण हाताशी असलेले आकडे २०११ चे. तेव्हा इथे ज्वारी होती.

२०२५ मध्ये सरकारने निवासी भागातले जुने तुकडे विनाशुल्क नियमित करायचं ठरवलं, त्याचा आनंदच आहे. पण आमच्या गावात असे तुकडे किती, हे कोणत्या दप्तरात लिहिलंय? अर्ज नेमका कशाचा करू? जाणकारांनी कृपया सांगावं. आईचं वय झालंय, टँकरच्या रांगेत तिला उभं राहिलेलं बघवत नाही.

प्रतिसाद १

दादा, तुमचा अर्ज चुकला नाही, प्रश्न चुकला. माहिती अधिकारात असलेलं रेकॉर्ड मिळतं, तुमच्यासाठी नवा गोषवारा कुणी करून देत नाही. म्हणून ‘किती’ विचारू नका, नोंदवहीचं नाव लिहून प्रत मागा.

ग्रामपंचायतीकडे नमुना ८ मागा. ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. बिनपरवाना घरालाही पट्टी लागते, त्यामुळे तुमची घरं तिथे बहुतेक सापडतील. तलाठ्याकडे गाव नमुना २ मागा, त्यात अकृषिक जमिनींची नोंद असते. नमुना ८ मधली घरं घ्या, त्यातून गावठाणातली आणि नमुना २ मधल्या जमिनींवरची वजा करा. उरतात ती तुमची. गावठाण वजा करायला विसरू नका, नाहीतर आकडा फुगेल आणि पहिल्याच बैठकीत तो खोडून काढतील.

प्रतिसाद २

महारेराच्या (बांधकाम आणि प्लॉटिंगचे प्रकल्प नोंदवणारं सरकारी प्राधिकरण) संकेतस्थळावरही बघा. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर नोंदणी लागते. तुमचा गट तिथे नसेल तर तेही निवेदनात लिहा. आणि ताई-माई सगळ्यांच्या घरपट्टीच्या पावत्या एकत्र करा, वीजबिलंही जोडा.

एक खुलासा : नमुना ८ मध्ये नाव असलं म्हणजे घर कायदेशीर झालं असं नाही. घर उभं आहे आणि पट्टी भरली जाते, एवढंच त्यातून कळतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाण्यासाठी तेवढंच सिद्ध करायचंय. घरपट्टीची पावती आमच्याकडे आहे, २०१६ पासूनची, आईने बिडीच्या पासबुकातच घालून ठेवलीय. सोमवारी ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांकडे (ग्रामसेवकांकडे) नमुना ८ चा अर्ज देतो. पण एक विचारायचं राहिलं : आमच्या गल्लीतल्या नऊ घरांची पट्टी अजून लागलेलीच नाही. ती यादीत कशी आणायची?