मदत हवी आहे: बाबांचा सोरायसिस, बोअरचं खारं पाणी आणि भस्माच्या पुड्या

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे, शेतकरी. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. मी पुण्यात नोकरीला. ११ वर्षांपूर्वी त्यांच्या कोपरांवर चट्टे उठले. गावात सगळे नायटा म्हणाले, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम वर्षभर चोळलं. मग अमरावतीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिस सांगितला. आता टाळू, पाठ, पोटऱ्या आणि दीड-दोन वर्षांपासून तळहात-तळपायही. पायाला अशा भेगा पडतात की बांधापर्यंत चालणं होत नाही.

पण दुखण्यापेक्षा बाकीचंच जास्त आहे. न्हावी एकदा म्हणाला, "भाऊ, मीच घरी येत जाईन." बाबा काय ते समजले, तेव्हापासून दाढी स्वतःच करतात. पंगतीत बसत नाहीत, पोट बरं नाही म्हणतात. माझ्या लग्नात मे महिन्याच्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून उभे होते. आई रोज कोणी उठायच्या आत चादर मागच्या अंगणात झटकून येते. माझ्या मुलाला ते कडेवर घेत नाहीत. हा रोग लागत नाही, हे किती वेळा सांगितलं. "तुला काय माहीत," म्हणतात.

आता मुद्दा. गावाचं निदान एकच: पाणी खराब. २०२४ च्या डिसेंबरपासून शेगावकडच्या गावांत माणसांचे केस गळून टक्कल पडलं, तेव्हा आधी संशय पाण्यावरच आला होता. पुढे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. झालं, आईने रेशनचा गहूही बंद केला. आम्ही आंघोळीला बोअर वापरतो, प्यायला वर्षभरापासून जार. त्याआधी पिणंही बोअरचंच. जलसुरक्षकाकडून नमुना तपासून घेतला: टीडीएस (विरघळलेले क्षार) २१४०, नायट्रेट ६१, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. बाकी ठीक लिहिलंय.

१. या पाण्याने सोरायसिस होतो किंवा वाढतो का?
२. आर्सेनिक हे विष तपासलेलं दिसत नाही. तपासावं का?
३. घरी आरओ बसवायला पंधरा-वीस हजार लागतील. उपयोग होईल का?

– कपाशीचं_बोंड

*

रानपाखरू: वांगं, दही, आंबट बंद करा. माझ्या मावसभावाला सहा महिन्यांत फरक पडला.

कपाशीचं_बोंड: तीन वर्षं बंद आहे हो. वऱ्हाडातल्या माणसाचं वांगं गेलं, चट्टे काही गेले नाहीत.

डॉ_खलबत्ता: त्वचारोग हाच माझा विषय आहे, पण न बघता निदान करणार नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुमचं जास्त आहे. त्याचा मुख्य धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना. मूल लहान असेल तर ते पाणी दुधात घालू नका, आणि उकळून नायट्रेट जात नाही. सोरायसिसचं मूळ शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडात असतं, पाण्यात नाही. खाऱ्या पाण्याने कातडी कोरडी पडते, खाज वाढते, एवढं खरं. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. पंधरा हजारांपेक्षा हे स्वस्त.

आर्सेनिकबद्दल शंका आली हे चांगलं. नेहमीच्या तपासणीत ते असेलच असं नाही, वेगळं सांगून करून घ्या. मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. पण तो मुख्यतः गंगेच्या गाळाच्या प्रदेशातला प्रश्न. कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांनी १९८३ मध्ये बंगालमधले रुग्ण ओळखले ते कातडीवरूनच: छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके, तळव्यांवर कडक दाणे. आपल्या बाजूला छत्तीसगडमधलं कौडीकसा त्यासाठी माहीत आहे. तुमच्याकडच्या काळ्या खडकात ती भीती कमी.

मला दुसरंच विचारायचंय. शीर्षकात पुड्या आहेत, मजकुरात नाहीत. त्या कुठल्या?

कपाशीचं_बोंड: लिहायची लाज वाटली. एका गावी एकजण देतात, आठवड्याचे ४०० रुपये. आधी डॉक्टरांनी सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली होती, लिव्हर जातं असं कोणीतरी सांगितलं म्हणून बाबांनी सोडली. पुड्यांनी पंधरा दिवसांत कातडी साफ! तोंडही भरलं, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. एकदा पुड्या संपल्या तर आठ दिवसांत दुप्पट उठलं. आता दीड वर्ष चालू आहेत.

डॉ_खलबत्ता: पंधरा दिवसांत साफ, चेहरा गोल, बंद करताच दुप्पट. यावरून पुडीत स्टेरॉइड असावं असा माझा दाट संशय आहे. पाण्यातलं विष शोधत होता, ते पुडीतच असेल. पण आज घरी जाऊन फेकून देऊ नका. दीड वर्षानंतर एकदम बंद केलं तर अंगभर लाली किंवा पू धरलेले फोड येऊ शकतात, रक्तदाबही घसरू शकतो. पुड्या घेऊन याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जा. साखर, रक्तदाब बघा. भस्म असेल तर शिसं, पारा, आर्सेनिकसाठी रक्त-लघवी तपासा. तळव्यांचं दुखणं पुड्यांच्या आधीचं की नंतरचं, हेही सांगा. गंमत बघा, १७८६ मध्ये फाउलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने आर्सेनिकचं औषध प्रसिद्ध केलं. पुढे सोरायसिसवरही ते वर्षानुवर्षं देत, आणि रुग्णांचे तळवे त्यानेच खडबडीत व्हायचे.

चंदेरी_पापुद्रा: मी स्वतः १९ वर्षांचा सोरायसिसवाला. मेथोट्रेक्सेट मला मानवली, लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करतो, दारू बंद. एकच लक्षात ठेवा: ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारी खूण करतो. आणि काकांना माझ्याशी फोनवर बोलायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. डॉक्टरचं नाही ऐकलं तरी चट्टेवाल्याचं ऐकतात, असा अनुभव आहे.

कपाशीचं_बोंड: आईला आत्ता फोन केला. तळव्यांचं पुड्यांनंतर सुरू झालं की आधी, तिला आठवत नाही. शनिवारी गावी जातेय. चंदेरी_पापुद्रा, व्यनि केलाय. बाबांना आधी पुड्यांचं न सांगता नुसतं तुमच्याशी बोलायला लावलं तर चालेल का?