सेकंडहँड हायब्रिड : रेडीचा दिवा लागतो, गाडी बॅटरीवर सरकते, पण पेट्रोल इंजिन पकडत नाही. सल्ला हवा

नवी_चाकं

जाणकारांनो, जरा मदत करा. अलीकडेच एक जुनी हायब्रिड घेतली. वायर लावून चार्ज न होणारी, साधी पेट्रोल-हायब्रिड. आधीच्या मालकाकडे बरेच महिने नुसती उभी होती, हे व्यवहार झाल्यावर कळलं. घेताना चालवून पाहिली तेव्हा इंजिन व्यवस्थित येत-जात होतं.

आता बटण दाबलं की रेडीचा (गाडी निघायला तयार असल्याचा) दिवा लागतो. डी मध्ये टाकली की आवाज न करता पुढे सरकते. थोडं अंतर गेलं की इंजिन चालू व्हायची वेळ येते. मग गाडी थरथरते, घरघर होते, इंजिन आल्यासारखं वाटतं आणि परत सगळं शांत. पाठोपाठ लाल त्रिकोण आणि इंजिनचा पिवळा दिवा. पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवतोय. हायब्रिड बॅटरीच्या खुणा मात्र भराभर उतरतायत.

एका मेकॅनिकने सांगितलं सेल्फ गेलाय. दुसऱ्याने बोनेट उघडलं, नारिंगी वायरी (हायब्रिड बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या) बघितल्या आणि "ही आपली लाइन नाही" म्हणून परत लावून टाकलं. सुरुवात कुठून करू?

मागच्या_सीटवरून

दुसऱ्या गिअरला टाकून धक्का मारून बघितलं का? आमची जुनी गाडी दर पावसाळ्यात अशीच चालू व्हायची.

तारयंत्री

@मागच्या_सीटवरून, हिला दुसरा गिअरही नाही आणि क्लचही नाही. धक्का मारून फक्त मारणाऱ्याला घाम येईल.

@नवी_चाकं, पहिली गोष्ट, आणि ही आजपासूनच पाळा: पुन्हा पुन्हा चालू करून बघणं थांबवा. साध्या गाडीत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तर जंपर लावता येतो. इथे इंजिन फिरवण्याचं काम मागची मोठी हायब्रिड बॅटरी करते. ती बऱ्याच गाड्यांत २०० व्होल्टच्या आसपासची असते आणि ती तळाला गेली की बाहेरून जंपर लावून भरत नाही. तिला भरणारं यंत्र म्हणजे तुमचं इंजिन, आणि तेच बंद आहे. आज मूळ बिघाड कदाचित किरकोळ असेल. बॅटरी पूर्ण उतरवलीत तर त्याच्या जोडीला दुसरा आणि महागडा बिघाड तुम्हीच तयार कराल. एसी बंद ठेवा, तोही याच बॅटरीवर चालतो. "बॅटरीवर चालतेय ना, मग तशीच गॅरेजपर्यंत नेतो" हेही करू नका.

दुसरं, सेल्फबद्दल. गाडीची रचना कुठली यावर सगळं अवलंबून आहे. होंडाच्या जुन्या आयएमए (त्यांची जुनी हायब्रिड रचना) गाड्यांत इंजिनला चिकटून मोटर असते आणि शिवाय अडीअडचणीला १२ व्होल्टचा साधा सेल्फही असतो. ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो, तिथे पट्टा घसरतोय का हे आधी बघावं लागतं. आणि १९९७ साली जपानमध्ये आलेल्या प्रियसमुळे सगळ्यांना माहीत झालेली प्लॅनेटरी गिअरची रचना (इंजिन आणि मोटर एकाच गिअरसंचाने जोडलेले; फोर्डनेही त्याच धर्तीची वापरली) घेतली, तर तिच्यात वेगळा सेल्फ नसतोच. दोन मोटर-जनरेटर असतात. एक मुख्यतः चाकं ओढतो, दुसरा इंजिन फिरवतो आणि इंजिन चालू झालं की वीज बनवतो.

तुमच्या वर्णनातली "इंजिन आल्यासारखं वाटतं" ही ओळ महत्त्वाची. साधा सेल्फ इंजिनला मिनिटाला २००-३०० फेरे देतो. प्लॅनेटरीवाला मोटर-जनरेटर हजाराच्या आसपास नेतो. म्हणजे आत एक थेंब पेट्रोल जळत नसलं तरी इंजिन चालू होऊन बंद पडल्यासारखा भास होतो. खरं तर ते चालू झालेलंच नसतं. नुसतं फिरवलं जातं, ठराविक वेळात फायर झालं नाही की कॉम्प्युटर नाद सोडतो आणि त्रिकोण पेटवतो.

रचना कुठली ते सांगा. आणि हायब्रिडचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर मिळवा. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र चालेल, पण मोबाइलवरचं ॲप हायब्रिडचे कोड दाखवणारं हवं. निम्मी ॲप्स फक्त इंजिनचे कोड दाखवतात आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

उगाचच

कशाला एवढा खटाटोप. जुनी हायब्रिड, खुणा उतरतायत, लाल त्रिकोण. बॅटरी गेली. नवा बॅटरी पॅक टाका आणि मोकळे व्हा.

तारयंत्री

@उगाचच, बॅटरी इंजिनला फिरवू शकतेय, गाडीही ओढतेय. पूर्ण गेलेल्या बॅटरीला हे जमत नाही. खुणा उतरतायत कारण भरणारं कोणी नाही. पॅक खराब असेल तर बहुधा पी-०ए८० कोड येईल, पॅकमधल्या ब्लॉकच्या (सेलच्या गटांच्या) व्होल्टेजमध्ये तफावत दिसेल. ते दिसेपर्यंत पॅकचं नावही काढू नये. हायब्रिड म्हटलं की आधी पॅक बदलायला सांगणारे खूप आहेत, आणि नवा पॅक टाकल्यावर तोही तसाच उतरतो तेव्हा सगळे गप्प.

शेवंती

माझ्या हायब्रिडचं एकदा असंच काहीसं झालं होतं, तेव्हा दोष १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा निघाला. पण माझ्याकडे रेडीचा दिवाच लागत नव्हता, डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम नाचायचे आणि दारांची कुलुपं टकटक करायची. तुमचं वेगळं दिसतंय. तरी मल्टिमीटर लावून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे.

बारातेराचा_पाना

शेवंतीताईंचं बरोबर आहे. छोटी बॅटरी हायब्रिडमध्ये इंजिन फिरवत नाही, पण कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडते. ती अर्धमेली असली की कॉम्प्युटर काहीही बरळतात आणि नको ते कोड साठतात. गाडी रात्रभर बंद ठेवून १२.६ च्या आसपास हवी, १२ च्या खाली असेल तर आधी तिची सोय करा. रेडीमध्ये मोजली तर १४ च्या आगेमागे दिसायला हवी, कारण तेव्हा मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून तिला भरत असते. बऱ्याच गाड्यांत ती डिकीत असते. बदलताना वायू बाहेर नेणारी नळी असलेलीच घ्या. आणि बॅटरी सोडवण्याआधी कोड लिहून ठेवा, नाहीतर पुरावा पुसला जाईल.

आता मूळ मुद्दा. बावीस वर्षं पाना हातात आहे, त्यातली बरीच वर्षं हायब्रिडवर. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, म्हणजे हायब्रिडचा भाग जवळजवळ सुटला. पुढचा शोध कुठल्याही पेट्रोल गाडीसारखा: पेट्रोल, ठिणगी, हवा, कॉम्प्रेशन. महिनोन् महिने उभी असलेल्या गाडीत मी याच क्रमाने जातो.

पेट्रोल शिळं होतं. उघड्या बाटलीत ओतून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा झणझणीतपणा जाऊन वार्निशसारखा उग्र वास येत असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणी धरतं आणि ते तळाशी साठतं, पंप नेमका तिथूनच ओढतो. काट्यावर पूर्ण विश्वास नको, आधी दहा लिटर ताजं टाका. टाकी कोरडी पडून बॅटरीवर पळालेल्या हायब्रिडला दोन-तीन लिटरची बाटली ओतून काही होत नाही, कॉम्प्युटरला टाकीत पेट्रोल आलंय हे उमगतच नाही. मग रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावून दाब बघा. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या आधीच हवेत फवारणाऱ्या) इंजिनला तो साधारण ३ बारच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

हवेचं: एअर फिल्टरचा डबा उघडा. उभ्या गाडीत उंदीर संसार थाटतात, फिल्टरमध्ये घरटं आणि सेन्सरची वायर कुरतडलेली मी कैक वेळा बघितलीय. थ्रॉटल बॉडीवर काळा थर असेल तर स्वच्छ करा. एअर फ्लो सेन्सरला मात्र त्याचाच स्प्रे वापरा, कापड लावू नका.

क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय आणि कुठे आहे ते सांगणारा) सिग्नल गेला तर कॉम्प्युटरला कधी पेट्रोल सोडायचं हेच कळत नाही. पी-०३३५ दिसला तर तिकडे वळा.

आणि एक धोक्याची गोष्ट. कुलंटची बाटली बघा. पातळी कमी असेल आणि खाली कुठे गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाच्या सीलमधून) कुलंट सिलिंडरमध्ये जातंय का ते बघितल्याशिवाय फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत डोकावणं एवढंच करायचं.

मागच्या_सीटवरून

नारिंगी वायरींना हात लागला तर?

बारातेराचा_पाना

लावायचाच नाही. वरच्या यादीतल्या एकाही कामाला नारिंगी वायर सोडवावी लागत नाही. फक्त गाडी खरोखर बंद करा. हायब्रिड शांत उभी आहे म्हणजे बंद आहे असं नव्हे, रेडीमध्ये असेल तर इंजिन अचानक फिरू शकतं आणि हात पुलीत सापडतो. चावी खिशात ठेवून वाकू नका, लांब ठेवा. सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा खटका) काढायची वेळ आली तर १००० व्होल्टचे हातमोजे आणि प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबणं लागतं, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. ते शिकलेल्याचं काम.

नवी_चाकं

सगळ्यांचे आभार. रचना प्लॅनेटरीचीच आहे, वेगळा सेल्फ नाही. छोटी बॅटरी सकाळी १२.५. रेडीमध्ये १४.१.

कोड एकच, पी-०ए०एफ, "इंजिन चालू होऊ शकलं नाही". पी-०ए८० नाही. ब्लॉकची व्होल्टेज एकमेकांच्या जवळजवळ आहेत, पण चार्ज चाळीस टक्क्यांच्या खाली आलाय. स्कॅनरवर बघितलं, इंजिन हजाराच्या वर फेरे घेतं आणि सोडून देतं. कुलंट खुणेवर आहे. फिल्टरच्या डब्यात घरटं नाही.

अजून एक. ॲपमध्ये "तपासण्या अपूर्ण" असं बऱ्याच ओळींपुढे येतंय. हे काय?

तारयंत्री

म्हणजे कोड हल्लीच कोणीतरी पुसलेत किंवा बॅटरी काढून जोडली आहे. कोड पुसले की इंजिनच्या स्वतःच्या तपासण्या शून्यावर येतात आणि काही दिवस साधं चालवल्यावरच पूर्ण होतात. बॅटरी नवी टाकली असेल तर कारण सरळ आहे. नसेल तर आधीच्या मालकाला विचारा की दिवा कधी लागला होता. त्या स्क्रीनचा तारखेसह फोटो काढून ठेवा, विक्रेत्याशी बोलायची वेळ आली तर कामाला येईल. जुनी हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पैसे देण्याआधी बघावी असं माझं मत आहे, रंग आणि टायर त्यानंतर.

तुमची मोठी बॅटरी आणि फिरवणारा मोटर-जनरेटर दोन्ही ठीक आहेत. आता पान्यांचं ऐका आणि रेलचा दाब मोजून घ्या. गॅरेजला नेताना चारही चाकं रस्त्यावरून वर राहतील अशा सपाट ट्रकवर चढवून न्या. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून टोचन केलं तर मोटर फिरत राहते, वीज बनते, नसतं दुखणं लागतं.

नवी_चाकं

दाब मोजला. एक बारसुद्धा भरत नाही. पंपाला करंट येतोय, फ्यूज आणि रिले ठीक. मागच्या सीटखालून पंप बाहेर काढला तर जाळीवर तपकिरी चिकट थर, आणि टाकीतल्या पेट्रोलचा वास पान्यांनी सांगितला तसाच. टाकी धुतली, जाळीसकट पंप नवा टाकला, ताजं पेट्रोल भरलं. रेडी केल्यावर थोडा वेळ शांत होती, मग थरथरली आणि या वेळी इंजिन टिकलं. सुरुवातीला धूर आणि हेलकावे होते, नंतर बसलं. खुणा चढायला लागल्या आहेत.

उगाचच

अभिनंदन. पॅकचं मी मागे घेतो.

बारातेराचा_पाना

छान. आता तीन कामं उरली. लगेच लांब जाऊ नका. पार्किंगमध्ये ठेवून चार्ज वर येऊ द्या. इंजिन आपोआप बंद होतंय म्हणून घाबरू नका, बॅटरी भरली की ते बंद होणारच. सलग चालू ठेवायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत मेंटेनन्स मोड असतो, कृती मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन ऑइलची काठी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदला. आणि पुढचे काही दिवस सकाळी पहिल्यांदा इंजिन येताना कान द्या. खडखडाट आणि थरथर झाली तर कुलंटची बाटली परत बघा, ती खूण आता पेनने करून ठेवा.

नवी_चाकं

खूण केली. ऑइलला वास येतोय, उद्या बदलतो. तपासण्या पूर्ण झाल्या की कोडचं इथेच लिहीन.