देआशी-बाराईत पाय नेमका कधी झाडावा?

रावपुऱ्याचा गडी:
नमस्कार. मी बडोद्याचा. लहानपणी रावपुऱ्यातल्या एका आखाड्यात पाच वर्षे मातीतली कुस्ती केली आणि गेल्या आठ महिन्यांपासून ज्युदो शिकतो आहे. धोबीपछाड अंगात मुरलेला असल्यामुळे खांद्यावरून फेकण्याचे डाव मला लवकर जमले. परंतु देआशी-बाराई, म्हणजे पुढे येणारे पाऊल झाडून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा डाव, काही केल्या बसत नाही. जोर वाढवून पाहिला, तर जोडीदाराच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या आणि तो माझ्याबरोबर सराव करायला टाळाटाळ करू लागला. चूक कुठे होत असावी?

जुनी गादी:
आपण लाथ मारत आहात, आणि तीही उशिरा. बाराई म्हणजे झाडणे, आणि केरसुणी कोणी जमिनीवर आपटत नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेल्या कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेने १९२० मध्ये चाळीस फेकींची जी सुधारित मांडणी केली, तिच्यातल्या पहिल्या गटातला पहिला डाव हाच आहे. त्यामुळे तो सोपा असावा असे नवशिक्यांना वाटते आणि तिथेच फसगत होते.

समजा, आपला डावा हात त्याच्या उजव्या बाहीवर आणि उजवा हात गळपट्टीवर आहे. आपण मागे सरकत त्याला पुढे चालवता आणि त्याचे उजवे पाऊल पुढे येते. ते मॅटला टेकू लागले आहे, पण अंगाचा भार अजून त्यावर पुरता उतरलेला नाही, एवढ्याच अवधीत ते झाडायचे असते. त्याआधी झाडले तर तो पाय सहज उचलून घेतो; नंतर झाडले तर खांबावर पाय आपटल्यासारखे होते. डाव्या पायाचा तळवा आत वळवून, करंगळीची कड मॅटला घासत, तो त्याच्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अगदी खाली लावावा आणि ते पाऊल ज्या दिशेने निघालेच होते त्याच दिशेने, किंचित आतल्या बाजूला, पुढे न्यावे. गुडघा फार वाकवू नये. जोर कमरेतून येऊ द्यावा.

घरी पायाखाली ओले फडके घेऊन फरशीवर हीच हालचाल करावी. फडके मागे राहिले, तर तळवा वर उचलला गेला असे समजावे.

दांडिया बाजार:
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु त्यात हात राहून गेले, आणि माझ्या मते निम्मा डाव हातांचा आहे. पाय झाडताना त्याच क्षणी डाव्या हाताने त्याची बाही आपल्या डाव्या कमरेकडे खाली ओढावी आणि उजव्या हाताने, बसचे मोठे स्टिअरिंग फिरवावे तसे, त्याचे धड त्याच बाजूला वळवावे. पाय एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला गेले की माणूस आडवा होतो. बाही मात्र शेवटपर्यंत सोडू नये, म्हणजे जोडीदार हनुवटी छातीशी धरून कुशीवर नीट पडू शकतो.

कुस्तीगिरांची आणखी एक खोड म्हणजे पायांकडे पाहणे. थेट पायाला हात घालण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१० मध्येच बंदी आणली, तरी आपली नजर तिकडेच जाते आणि समोरचा सावध होतो. पाऊल कुठे आहे ते बाहीतून हाताला कळले पाहिजे. भार टाचेवर बसून गेलाच असेल, तर झाडण्याचा हट्ट सोडून मागून टाच कापणारी कोसोतो-गारी घ्यावी.

रावपुऱ्याचा गडी:
दोघांचेही आभार, काका. दहा दिवस फडके फिरवले. आईचे म्हणणे असे की, ज्युदो येवो न येवो, फरशी तरी लख्ख झाली. काल वीस प्रयत्नांत दोनच बसले, पण त्या दोन्ही वेळी माझ्या पायाला काही लागल्यासारखे वाटलेच नाही आणि जोडीदार आपण कसे पडलो ते विचारत उठला. उरलेल्या अठरांत बहुतेकदा उशीरच झाला. मात्र त्यांतल्या एकदा भार बसल्याचे बाहीतून जाणवले आणि कोसोतो-गारीकडे वळता आले.